पुढच्यांना जाऊ द्यावं

त्साकुए, ९ ऑक्टोबर

आलिझेत,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून नवा कागद घेतला नाही.

दुकानाच्या दारावर तुझी सरकारी नोटीस लटकते आहे, तीन आठवडे झाले. एका बाजूला कुत्र्याच्या पिल्लांची जाहिरात, दुसऱ्या बाजूला बिंगोचं वेळापत्रक आणि मधे तू. खाली तुझी सही. तुझ्या आईने चुलीच्या राखेत बोट धरून तुला ‘आ’ काढायला शिकवला, तो आपल्याच गावाच्या तोंडचा घास काढण्यासाठी कामाला येईल, असं त्या बिचारीला वाटलं नव्हतं. ती गेली ते बरं झालं.

कॅरिबूंचा कळप सहा हजारांवर आला म्हणतेस. तू जन्मलीस त्या वर्षी साडेचार लाख होता, हेही तुझ्याच नोटिशीत आहे. मग मला सांग, साडेचार लाख जनावरं गेली कुठे? कोणी खिशात घातली? मार्चमध्ये म्हणे सुनावणी. शंभरातल्या पंच्याऐंशी माद्या वर्षभर जगल्या तर त्साकुएला चाळीस नर मारायची परवानगी, पंच्याऐंशीच्या खाली गेलं तर एकही नाही. एकही! आमच्या चारशे माणसांनी काय दुकानातली गोठवलेली कोंबडी खाऊन म्हातारं व्हायचं?

तुझी मोजण्याची रीत मला माहीत आहे. जुलैत डास उठले की जनावरं अंगाला अंग लावून उभी राहतात, तेव्हा तुम्ही विमानातून फोटो काढता. पण यंदाच्या जुलैत वारा होता, थंडी होती. डास होते कुठे? कळप डोंगरभर पांगलेला, आणि तू वरून चार ठिपके बघून माघारी गेलीस. ही का मोजणी?

ऑगस्टच्या सभेत मी जे बोललो ते बोललो. तू तो गळ्यातला पट्टा हातोहात फिरवत होतीस, शाळेतल्या मुलांना खेळणं दाखवावं तसा. ‘चाळीस माद्यांच्या गळ्यात असे पट्टे आहेत. पट्टा बारा तास हलला नाही की आम्हाला आकाशातून निरोप येतो की ती मेली,’ असं म्हणालीस. कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मोजलेलं जनावर रुसतं, हे माझ्या आजीने तुला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. म्हणून मी उठलो आणि म्हणालो, तू आता आपली नाहीस, जनावरं मोजणारी दुकानदारीण झालीस, माझ्या घरात पाऊल टाकू नकोस. ती रात्र तू शेजारी बाजीलकडे काढलीस आणि सकाळच्या विमानाने गेलीस. मी धावपट्टीवर आलो नाही. माझे गुडघे दुखत होते.

कळावं म्हणून लिहितो : यंदाची शिकार उत्तम झाली. मांस सुकवायचं माझं धुरीघर भरलेलं आहे. ही जनावरं तुझ्या सहा हजारांत बसतात का ते बघ.

मोदेस्त

(तुझा बाप. सरकारी कागदात तसं लिहिलेलं असेल.)

---

त्साकुए, २१ नोव्हेंबर

आलिझेत,

तुझं उत्तर नाही. आकाशातून निरोप घेणाऱ्यांना टपालाचं काय कौतुक!

तळं गोठलं. बर्फाखाली जाळी लावली, पांढरा मासा बरा मिळतो. हिऱ्यांच्या खाणीकडे जाणारा बर्फाचा रस्ता यंदाही होणार आहे. त्या रस्त्यावर धूळ उडते, ती दगडफुलावर बसते, आणि हिवाळाभर तेच दगडफूल आपल्या जनावरांनी खायचं. तो रस्ता तुझ्या नोटिशीत कुठे आहे? लांबून गाड्या घेऊन येणारे, गाडीतून न उतरता गोळी घालणारे शिकारी कुठे आहेत? रस्त्यावर नोटीस लागत नाही, म्हाताऱ्यांच्या दुकानावर लागते.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझ्या बापाने मला पहिल्यांदा उताराच्या जागी नेलं, जिथे तळ्याची मान अरुंद होते आणि कळप पोहून पलीकडे जातो. आम्ही विलोच्या झुडपात पालथे पडलो होतो. पाण्याच्या कडेला एक म्हातारी मादी आली. तिने आधी वास घेतला, मग पाय बुडवला. तिच्यामागे पाच-सहा जणी. मी बंदुकीकडे हात नेला तेव्हा बापाने माझी मान दाबून माझं तोंड शेवाळात घुसवलं. ‘पुढच्यांना जाऊ द्यावं,’ म्हणाला. ‘वाट त्यांना माहीत असते. त्या पलीकडे पोचल्या की मागचे सगळे येतात. पुढचीला मारलंस तर कळप वाट विसरेल आणि तुझी नातवंडं उपाशी मरतील.’ आम्ही पुढच्यांना जाऊ दिलं. आणि मग, पोरी, मागचे आले. दोन दिवस आणि एक रात्र येत होते. शिंगांचं रान पाण्यावरून चाललं होतं. टापांची कटकट अजून माझ्या कानात आहे. मी झोपलो, उठलो, तरी ते येतच होते.

त्याच्या पुढच्या वर्षी मला मिशनच्या शाळेत नेलं. त्या शाळेने माझी बोली काढून घेतली आणि बदल्यात कविता दिल्या. सौदा खोटा होता. कविता मात्र खोट्या नव्हत्या, त्याला मी काय करू? मेंढी म्हणजे काय हे आमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं, तरी आम्ही तीस पोरं भिंतीला पाठ लावून म्हणायचो :

सांज उतरली, मेंढपाळ तू,
फाटक धरुनी उभा रहा…

पुढची ओळ आठवत नाही. दहा दिवस आठवतो आहे. तुला मी लहानपणी म्हणून दाखवायचो, तुला आठवत असेल तर लिही. बाकी काही लिहू नकोस.

बाजील रोज येतो आणि छळतो. काल म्हणाला, ‘काय रे मोद्या, धुरीघर भरलंय म्हणतोस, धूर तर कधी दिसला नाही.’ मी म्हटलं, ‘तुझे डोळे गेलेत.’ तर म्हणतो, ‘डोळे गेले असतील, नाक आहे ना! आणि ती झोळी कशाला घेऊन फिरतोस सगळीकडे? दुकानात झोळी, जाळ्यावर झोळी, प्रार्थनेला झोळी. सोनं आहे की काय आत?’ मी त्याला चहा दिला नाही.

डॉक्टरने मला चालायला सांगितलंय. गुडघ्यांसाठी. म्हणून फिरतो.

बाजीलच विचारत होता, मला काही पडलेलं नाही, पण तुझ्या त्या चाळिसांतली एक मेली तर तुझ्या कागदावर किती मेल्या असं धरतात?

मोदेस्त

---

त्साकुए, १४ डिसेंबर

आलिझेत,

पत्र पोचलं. चार पानं आणि त्यात ‘तुम्ही कसे आहात’ एकदाच. बरं.

तू लिहितेस, ‘बाबा, बाजीलकाकांना सांगा, कळपात मोठ्या माद्या तीन हजारांच्या आसपास आहेत आणि पट्टे चाळीस, म्हणून एक पट्टा पंचाहत्तर माद्यांच्या वतीने बोलतो.’ वा! एक म्हातारी पडली की पंचाहत्तर आडव्या! असा हिशेब आमच्या पाद्रीबाबांनी नरकाचासुद्धा केला नव्हता. एका गोळीने पंचाहत्तर मारणारा शिकारी आपल्या गावात कोणी झाला असता तर त्याची गाणी गायली असती.

आणि पुढे लिहितेस की मार्चपर्यंत चाळिसांतल्या चौतीस जिवंत निघाल्या तर बरोबर पंच्याऐंशी होतात, तेहतीस निघाल्या तर खाली जातं. म्हणजे चारशे माणसांचं खाणं एका मादीच्या मानेवर टांगलेलं. तुला हे लिहवलं कसं?

डासांबद्दल माझं तोंड बंद केलंस, ते कबूल करतो. यंदाचे फोटो तू धरलेच नाहीत, सहा हजार हा आकडा गेल्या जूनचा, माद्या जिथे पाडसं घालतात तिथला, हे तू सभेतच सांगितलं होतंस म्हणे. सांगितलं असशील. मी तेव्हा ओरडत होतो.

पण हे मला पटत नाही की शंभर माद्यांमागे पाडसं पंचवीसच उरली. लांडगे आहेत, उन्हाळे तापतात, गोमाश्या त्यांना चरू देत नाहीत, हे सगळं तू लिहिलं आहेस. मी तुला साधं सांगतो, कळप गेला नाही, त्याने वाट बदललीय. माझ्या आजोबांच्या वेळी एकदा तो बारा वर्षं आला नव्हता. लोकांनी कुत्र्यांचे पट्टे उकळून खाल्ले. तेराव्या वर्षी आला. वाट बघावी लागते. तुमच्या पिढीला वाट बघता येत नाही, म्हणून तुम्ही मोजता.

कवितेची ओळ तुलाही आठवत नाही म्हणतेस. मग एवढं शिकून काय केलंस?

नाताळाला येऊ का असं तू विचारलेलं नाहीस, आणि मीही बोलावत नाही. तुझ्या खोलीत जाळी ठेवली आहेत.

मोदेस्त

ता. क. जाळी काढता येतात.

---

त्साकुए, ३० जानेवारी

आलिझेत!

अक्षर वाचता येत नसेल तर तुझ्या उपग्रहाला विचार.

‘बाबा, सदतीस नंबरची मादी दर रविवारी दहा वाजता चर्चला जाते. सोमवारी आणि गुरुवारी दुकानात. रोज सकाळी तळ्यावर जाळ्यापाशी. मंगळवारी दुपारी बाजीलकाकांकडे दोन तास, बहुधा पत्ते खेळते. बाकी वेळ आपल्या स्वयंपाकघरात असते.’

हे असं लिहितात बापाला? चार महिने तू आकाशातून माझ्या पावलांवर नजर ठेवून होतीस! मी संडासात किती वेळ बसतो तेही कळतं का तुझ्या पडद्यावर? पोलिसाने हे केलं असतं तर मी त्याला बर्फातल्या जाळ्याच्या भोकात लोटलं असतं. माझं नोव्हेंबरचं पत्र वाचताना हसली असशील. ‘बाजील विचारत होता’ वाचून तर नक्कीच हसली असशील.

बरं. पट्टा माझ्याकडे आहे. तुला माहीतच आहे तर माहीत असू दे. उताराच्या जागी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी एक मादी मारली. तिच्या मानेची पांढरी आयाळ दाट होती, पट्टा आत दडलेला होता, मारल्यावर हाताला लागला. चूक झाली. कुणाचीही झाली असती. तुझ्या नोटिशीने तिच्या पंचाहत्तर केल्या असत्या, म्हणून मी तो थांबू दिला नाही. गावासाठी केलं. मी तुझ्यासारखा पगारी नाही. ते दोन किलोचं ओझं झोळीत घालून उणे चाळीसमध्ये या गुडघ्यांनी रोज चाललो आहे. चुकूनसुद्धा बारा तास झोपलो नाही. कुठल्या शिकाऱ्याने मारलेलं जनावर इतके दिवस जिवंत ठेवलंय, सांग मला!

पण त्याखाली तू जे लिहिलं आहेस ते मी सहा वेळा वाचलं. बाकीच्यांतल्या तेहतीसच जिवंत आहेत. सदतीसपुढे तू ‘मृत’ही लिहिलं नाहीस आणि ‘जिवंत’ही नाही. ‘पडताळणी बाकी’ असं लिहून ठेवलं आहेस. तुझे साहेब दर आठवड्याला विचारतात, ही गावात काय करते? आणि तू त्यांना सांगतेस, बघते. ऑक्टोबरपासून तू बघते आहेस.

‘मी वाट बघत होते,’ असं लिहिलं आहेस. ‘तुम्ही सांगाल याची. सुनावणीत मला शपथेवर चाळिसांपैकी प्रत्येकीचं सांगावं लागेल. खोटं बोलले तर मोजणी गेली, नोकरी गेली. खरं बोलले तर तुम्ही गेलात. काय करू ते सांगा.’

तुला कोणी सांगितलं होतं हे? मी मागितलं होतं का तुझ्याकडे काही? तुला घराबाहेर काढलं होतं मी. घराबाहेर काढलेल्या माणसाने असं वागायचं नसतं!

आज पुढे लिहवत नाही.

मोदेस्त

---

त्साकुए, २७ फेब्रुवारी

चिरंजीव आलिझेतला बाबाचे आशीर्वाद.

गेल्या पत्रात एक खोटं आहे, पहिल्यात दोन आहेत. आता काहीही न लपवता सांगतो.

सप्टेंबरमध्ये मी एकटा उताराच्या जागी गेलो. बाजीलला बरोबर घेतलं नाही, कारण मला एकट्याने मोठा कळप पाहून यायचं होतं आणि तुला तोंडावर पाडायचं होतं. तुझी नोटीस दुकानाच्या दारावरून फाडून कोटाच्या खिशात घेतली होती. दुकानवाल्यांनी नंतर दुसरी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. पुढे एक म्हातारी, एका शिंगाचं टोक मोडलेलं. तिने पाण्याचा वास घेतला. तिच्यामागे दहा जणी होत्या, त्यांच्यात पाडसं दोन. माझ्यापासून पन्नास पावलांवर. मी बंदूक उचलली नाही. तोंड आपोआप शेवाळात गेलं, बाप मेल्याला पंचावन्न वर्षं झाली तरी. पुढच्यांना जाऊ द्यावं. त्या पोहत पलीकडे गेल्या, अंग झाडलं, उन्हात त्यांच्याभोवती पाण्याचं धुकं झालं, आणि टेकडीमागे दिसेनाशा झाल्या. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. म्हटलं, आता मागचे.

मी मागच्यांची वाट बघितली. तो दिवस गेला. दुसरा गेला. बॅनकची भाकरी संपली, मी झुडपांवरची आंबट लाल फळं खाऊन राहिलो. तिसऱ्या दिवशी बर्फ भुरभुरला. पाणी तसंच होतं, झुडपं तशीच, दगडांत टापांनी पडलेल्या वाटा तशाच, माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळच्या, गुडघाभर खोल. वाट काही बदलली नव्हती. वाटेवर कोणी नव्हतं.

ज्या अकरांना मी पुढच्या समजून जाऊ दिलं, तोच कळप होता.

मी मोजले, आलिझेत. आपल्यात मोजत नाहीत हे तुला शिकवणाऱ्या माणसाने झुडपात पालथं पडून बोटांवर मोजले. एका हाताची पाच, दुसऱ्याची पाच आणि एक.

चौथ्या दिवशी एक मादी आली. एकटी, मागून, एक पाय जरा ओढत. थानं कोरडी. पाण्याशी थांबून तिने पलीकडे पाहिलं. आणि मला तिच्या गळ्यात तुझा पट्टा दिसला. आयाळीत दडला नव्हता. स्वच्छ दिसला. तो दिसला म्हणूनच मी गोळी घातली. मी भुकेला होतो, हे खरं आहे, पण भुकेने मारलेलं नाही. जनावर आपण होऊन आपल्याला देतं, राग धरून त्याच्यावर बंदूक रोखायची नसते, हे मी गावातल्या तीन पिढ्यांना शिकवलं. आणि मी रागाने मारलं. मला त्या मादीचा राग नव्हता. मला तुझा राग होता, कारण तू बरोबर होतीस आणि तीन दिवसांपासून मला ते ठाऊक झालं होतं.

ते मांस मी वाटलं नाही. एक मादी चारशे माणसांत वाटायला गेलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, बाकीच्या कुठे? मी सांगितलं होतं धुरीघर भरलंय. आयुष्यात पहिल्यांदा दार लावून एकट्याने मांस खाल्लं. बाजीलला आमच्या आवारात धूर दिसला नाही, कारण मी ते आत चुलीवर थोडं थोडं सुकवलं, चोरासारखं.

मग या पत्रांतून तुझ्यावर ओरडलो. रस्त्याबद्दल जे ओरडलो ते खरं आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. सुनावणीत त्या खाणवाल्यांच्या तोंडावर पुन्हा ओरडणार आहे. आपल्या चाळीस नरांनी कळप संपत नाही आणि त्यांच्या शंभर मैलांच्या धुळीला कोणी शपथ घ्यायला लावत नाही, हा अन्याय आहे आणि अन्यायच राहील. पण तेवढ्यासाठी माझं खोटं खरं होत नाही.

काल बाजीलला सगळं सांगितलं. त्याने हातातले पत्ते गोळा केले. मग म्हणाला, ‘म्हणजे चाळीस नरही गेले.’ मी म्हटलं, ‘गेले.’ म्हणाला, ‘तुझ्यामुळे.’ मी म्हटलं, ‘माझ्यामुळे.’ म्हणाला, ‘लोक तुझ्याशी बोलणार नाहीत, मोद्या.’ मी विचारलं, ‘आणि तू?’ तर पत्ते वाटत म्हणाला, ‘मी कसला गप्प बसतोय! पत्त्यांत हरवायला मला दुसरं कोण आहे या गावात? आणि त्या अकराजणी परत यायच्या असतील तर कुणीतरी वाट तर मोकळी ठेवायला हवी.’ मग जाताना दारात थांबला. ‘सगळा हिवाळा माझ्या टेबलाखाली झोळीत ती बाई बसली होती,’ म्हणाला, ‘आणि तू मला सांगितलं नाहीस.’

चार मार्चला तू सभागृहात उभी राहशील. ‘सदतीस’ म्हणालीस की मी उठेन. या वेळी तुझ्या बाजूने उठेन. कोणी मारली, कशी मारली, अकरा कशा मोजल्या, ते मी आपल्या बोलीत सांगेन. तू त्यांच्यासाठी भाषांतर कर. मऊ करू नकोस.

ती ओळ आठवली. आज पहाटे जाळ्यावर जायला निघालो, झोळी घ्यायला वाकलो, आणि आपसूक तोंडात आली :

सांज उतरली, मेंढपाळ तू,
फाटक धरुनी उभा रहा,
आली ती तर तुझीच मेंढी,
न आली तिला मोज पहा.

सहासष्ट वर्षं पाठ होती, आणि अर्थ आज लागला. मोजणं म्हणजे जनावराचा अपमान, असं मी तुला म्हणालो होतो. न आलेलीसाठी फाटकाशी उभं राहणं हा अपमान नव्हे.

मी झोळी उचलली नाही. पट्टा बाहेर काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, तू अभ्यासाला बसायचीस त्या बाजूला. सकाळचे सहा वाजले होते. तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही. हे पत्र शुक्रवारच्या विमानाने निघेल, पण तुला आज संध्याकाळी सहालाच कळेल. पडद्यावर निरोप आला की सदतीसपुढे तारीख घाल, सप्टेंबरची अठ्ठावीस. आजची नको. आणि कारणाच्या रकान्यात ‘शिकार’ लिहू नकोस, ती शिकार नव्हती. माझं नाव लिही.

तुझ्या खोलीतली जाळी काढली आहेत.

तुझा बाबा